मेळघाटात सॅटेलाइट फोन: इरिडियम घेऊ का?

रानवाट (नागपूर): राजेहो, डिसेंबरात सात पोरं घेऊन सेमाडोह-कोलकासकडे निघतोय. मागच्या खेपेला एकाचा पाय मोडला अन् रेंजसाठी मी दोन तास टेकडी चढलो. ते पोरगं खाली कण्हत होतं, अजून झोप उडते. दुबईचा मावसभाऊ इरिडियमचा फोन आणतो म्हणतोय.

धंतोलीकर: नको आणू देऊ भाऊ! आपल्याकडे इरिडियम, थुराया या कंपन्यांचे सॅटेलाइट फोन वापरायला मनाई आहे. परवानगीशिवाय सापडला तर फोन जप्त, अटकही होते. कायदेशीर म्हणजे बीएसएनएलमार्फत इन्मारसॅट कंपनीचा फोन, दूरसंचार खात्याच्या मंजुरीनं.

सागवान: आणि फरक समजून घ्या. इरिडियमचे 66 उपग्रह सुमारे 780 किमीवरून फिरत राहतात. इन्मारसॅटचे विषुववृत्तावर, जवळपास 36,000 किमी उंच, जागच्या जागी. म्हणून आपल्याला दक्षिणेचं आभाळ उघडं लागतं. दरीत किंवा दाट झाडीखाली सिग्नल तुटतो, मोकळ्यावर यावंच लागतं. आवाजही जरा उशिरा पोचतो.

रानवाट: भावाला आत्ताच ‘नको आणू’ म्हणून कळवतो. मंजुरी डिसेंबरपर्यंत मिळेल असं वाटत नाही. वनखात्याच्या कोणत्या चौक्यांवर वायरलेस आहे, ते परतवाड्यात विचारून नकाशावर टिपतो. कोणाला माहीत असेल तर सांगा.