ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मीटिंग टाळू नका

कणकवलीत ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंगला गेलं तर बाजारपेठेत बोभाटा होईल, म्हणून तुमचा पिणारा भाऊ तयार नाही असं तुम्ही लिहिलंय. मग शेजारच्या तालुक्यातला ए.ए. गट शोधा. मीटिंग तास-दीड तास चालते, तेव्हा परतीची शेवटची एसटी आधी विचारून ठेवा. अर्ध्यातून उठावं लागलं की माणूस पुन्हा जायला कंटाळतो. भर पावसात ऑनलाइन मीटिंग बरी.

फोनवर आधी विचारा, खुली की बंद? बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. तुम्ही सोबत जाणार असाल तर खुलीच हवी. फी नसते. थैली फिरते, त्यात काही न टाकता पुढे दिली तरी चालतं. बोलायची सक्ती नाही. एकाच गटावरून मत बनवू नका, दोन-तीन ठिकाणी बसून बघू दे. तुमच्यासाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळा.

आणि कृपा करून हे आधी वाचा: रोज पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर हात थरथरले, भास झाले, फिट आली तर मीटिंग नाही, थेट रुग्णालय. पहिले 72 तास जपा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, चोवीस तास, मोफत.