पावसाळ्यात मालवणचे घर: दिवसाच्या भाड्याने द्यावे की अकरा महिन्यांच्या कराराने?

धुरीवाड्याचे घर (प्रश्न)
आम्ही ठाण्यात राहतो. मालवणात धुरीवाड्यात आमचे छोटे कौलारू घर असून ऑक्टोबर ते मे ते पर्यटकांना दिवसाला २,५०० रुपयांनी देतो. हंगामात साधारण सत्तर रात्री भरतात. जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात, आणि गिऱ्हाईक आटते. गेल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत केवळ नऊ रात्री भरल्या, त्याही १,८०० रुपयांनी, आणि देखभाल करणाऱ्या बाईंना दरमहा ४,००० रुपये द्यावेच लागले. आता बदली होऊन आलेले एक कुटुंब अकरा महिन्यांसाठी दरमहा ९,००० रुपये द्यायला तयार आहे. काय करावे?

पागोळी (उत्तर)
पावसाळ्यात आपल्याला १६,२०० रुपये आले आणि १६,००० गेले, म्हणजे हाती काहीच उरले नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून अकरा महिने दिल्यास दिवाळी आणि नाताळ हे दोन्ही हंगाम जातील. ९९,००० रुपयांची तुलना हंगामातल्या १,७५,००० शी करावी, मात्र त्यातून चादरींची धुलाई, मध्यस्थ संकेतस्थळाचे कमिशन, वीज आणि उरलेल्या महिन्यांचा बाईंचा पगार वजा करूनच. अनेकांचा आकडा इथेच फसतो. शिवाय बंद घराला पावसात बुरशी आणि वाळवी लागते. कौल फुटले तर राहते माणूस त्याच रात्री खाली बादली ठेवते आणि सकाळी फोन करते. रिकाम्या घरात ते आपल्याला पंधरा दिवसांनी भिंतीवरून कळते.

करारनामा (उत्तर)
कुटुंबाला घर द्यायचे ठरल्यास तोंडी व्यवहार करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा (लिव्ह अँड लायसन्स) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, पण त्यासाठी मुळात तो कागद हवा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते (अनामत रकमेवर धरलेले व्याजही त्या भाड्यात मिळवतात), त्यामुळे खर्चाचे निमित्त पुढे करण्यात अर्थ नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी. अकरा महिने ही केवळ रूढी आहे. करार चार महिन्यांचाही होतो.

कौलारू (उत्तर)
होतो खरा, पण चार महिन्यांसाठी येणार कोण? सरकारी बदल्या साधारणतः एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणून जूनमध्ये घर शोधणाऱ्यांना मुलांच्या शाळेसाठी पूर्ण वर्ष हवे असते, आणि त्यांना ऑक्टोबरमध्ये उठवणे मला तरी योग्य वाटत नाही. आपला एक प्रश्न मात्र राहिला: गणपती कुठे बसतो? तो याच घरात बसत असेल तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात घर आपल्यालाच लागेल. करारात 'गणपतीला पाच दिवस घर रिकामे करावे' अशी अट घालणारे मी पाहिले आहेत. त्यातून वर्षभराचे वैर तेवढे उरले.
मी पावसाळ्यात घर महिन्याच्या बोलीने देतो. मुंबई-पुण्याहून घरून काम करणारी माणसे जून-जुलैत येतात. त्यांना समुद्र नको, चांगले इंटरनेट आणि इन्व्हर्टर हवा असतो, कारण वाऱ्यात वीज तासन् तास जाते. भाडे फार मिळत नाही, पण घर उघडे राहते.

धुरीवाड्याचे घर
गणपती याच घरात बसतो, आणि आई त्यासाठी आधी आठ दिवस येऊन राहते. हे मी प्रश्नात लिहिले नाही, कारण मी फक्त पैशाचाच विचार करत होतो. त्या कुटुंबाला आज नकार कळवतो, म्हणजे त्यांना दुसरे घर शोधायला वेळ मिळेल. जून-जुलैसाठी महिन्याच्या बोलीवर माणूस शोधतो. इन्व्हर्टर घेतला आहे, आता मेअखेरपर्यंत शाकारणी उरकायची. कौले परतायला माणसे मिळत नाहीत; धुरीवाडा किंवा मेढा भागात कोणी चांगला कारागीर ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप करावा.