संवादच नाहीत तर दुःख पोचणार कसं?

बिनसंवादाच्या व्हिडिओ गेमबद्दल कुणीतरी हा प्रश्न विचारलाय. व्हिएन्नाच्या ब्रोकन रूल्स या स्टुडिओचा ‘ओल्ड मॅन्स जर्नी’ (२०१७) हा गेम खेळून बघा. म्हाताऱ्याला पत्र येतं, तो निघतो. बोटाने टेकड्या वर-खाली ओढायच्या, रेषा जुळल्या की तो पलीकडे जातो. मात्र ज्या टेकडीवर तो उभा आहे ती हलत नाही. कुठे जरा टेकला की जुनी आठवण चित्र होऊन समोर येते. कोडी सोपीच, वाटेत आडवी येणारी मेंढरं तर वैताग! पण कोथरूडच्या आमच्या मावशीने काका गेल्यावर हा एकटीने पूर्ण केला. म्हणाली, “बरंय, हा बोलत नाही. घरी येणारे सगळे बोलतातच.” दोनेक तासांत संपतो. शेवट इथे फोडू नका, प्लीज.