बायोमेडिकल इंजिनिअरिंग घ्यावं का? (भाचीसाठी, जरा घाई आहे)

मिरजेची_मावशी
मंडळी, भाचीने बारावीला चारही विषय घेतले होते. नीटमध्ये एमबीबीएस मिळेल इतके मार्क नाहीत आणि रिपीट करायला ती तयार नाही. सीईटी मात्र बरी गेली. कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. आजी म्हणतात, "बायोमेडिकल घे, निम्मी डॉक्टर तरी होशील." दाजींचं म्हणणं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) घे, पोटापाण्याचं बघ. पोरगी गप्प. इथे कुणी हे शिकलंय का? नोकरी कुठे लागते?

ब्रेकडाऊन_कॉल
शिकलोय. अकरा वर्षं हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात आहे, म्हणजे तिथली यंत्रं सांभाळतो.

ते "निम्मी डॉक्टर" आधी डोक्यातून काढा. पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच, एम-वन, एम-टू (गणिताचे पेपर), मेकॅनिक्स. मग सर्किट, सिग्नल, मायक्रोकंट्रोलर. शरीराचे विषय असतात, पण ह्रदय शिकायचं ते ईसीजी मशीन नेमकं काय पकडतं हे कळावं म्हणून. आमच्या वर्गात नीट हुकलेल्या चौघी होत्या. दोघी रमल्या, दोघींनी चार वर्षं नुसती ढकलली.

माझा दिवस सांगतो. सकाळी आयसीयूत फेरी. सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध हळूहळू सोडणारं यंत्र) विनाकारण कोकलतोय, तो बाजूला काढायचा. डिफिब्रिलेटर (ह्रदयाला शॉक देणारं यंत्र) अॅनालायझरला जोडून २०० ज्यूल सेट केल्यावर प्रत्यक्षात किती बाहेर पडतात ते मोजायचं. डायलिसिसच्या आरओ पाण्याची तक्रार. दुपारी कंपनीच्या इंजिनिअरशी हुज्जत, की हा पार्ट सीएमसीत बसतो का नाही. (दोन्ही यंत्रांच्या देखभालीचे करार: एएमसीत पार्टचे पैसे वेगळे, सीएमसीत धरलेले असतात, पण बारीक अक्षरात काय काय वगळलेलं असतं ते वाचायला शिकणं हा न शिकवलेला विषय.) एनएबीएचचे (हॉस्पिटलांना मानांकन देणारी संस्था) लोक येणार असले की प्रत्येक यंत्रावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं, स्टिकर आहे ना, याची धावपळ. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रांपेक्षा कमी होता, आणि रात्री अडीचला फोन येतो. तरी सोडलं नाही.

कंपन्यांमध्ये सर्व्हिस, अॅप्लिकेशन, विक्री अशी कामं मिळतात. फिरती भरपूर.

जुना_सोल्डर
मी दाजींच्या बाजूने. ईएनटीसी केलं, नंतर एमटेक बायोमेडिकल. आयआयटी मुंबईच्या एमटेकला इतर शाखांचीही मुलं घेतात. गेटमध्ये (एमटेकची प्रवेश परीक्षा) २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपरही आहे. म्हणजे दार नंतरही उघडं असतं. उलट्या बाजूने, बायोमेडिकल करून इलेक्ट्रॉनिक्सकडे, येताना त्रास होतो: बऱ्याच जाहिरातींत "इलेक्ट्रॉनिक्स किंवा समकक्ष" लिहिलेलं असतं आणि समकक्ष आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं.

फॉर्मबद्दल एक. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो ऑटो फ्रीज होतो, म्हणजे पक्का धरला जातो, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. खात्री नसलेली शाखा एक नंबरला टाकू नका.

पन्नास_हर्ट्झ
@जुना_सोल्डर, बरोबर, पण एमटेक करायचंच असेल तर. बीईवर थांबणाऱ्याला हॉस्पिटलची ओळख आधीच झालेली बरी.

मी दुसऱ्या वर्षात ईसीजी अॅम्प्लिफायर केला होता. सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्ट. स्क्रीनवर ह्रदयाऐवजी भिंतीतल्या विजेची पन्नास हर्ट्झची लाट नाचायची. तीन आठवडे. शेवटी उजव्या पायाची तार (हीच ती बाहेरची लाट दाबते) नीट जोडली आणि ठोके दिसले, मित्राचेच. त्या तीन आठवड्यांत कंटाळा आला असता तर शाखा चुकली असं समजलो असतो. भाचीला घरातलं बंद पडलेलं बीपी मशीन द्या आणि बघा ती स्क्रूड्रायव्हर शोधते का मोबाईल.

कॉलेजांचं: राज्यात या शाखेच्या जागा मोजक्याच. मुंबईत वडाळ्याच्या विद्यालंकारला आहे. जेईईवाल्यांसाठी एनआयटी राउरकेला, एनआयटी रायपूर, आयआयटी हैदराबाद. प्रवेशाआधी लॅबमध्ये डोकावून या. व्हेंटिलेटर काचेच्या कपाटात ठेवलेला असेल तर काय ते समजा.

हळद_कुंकू
वाचतेय. मुलगा दहावीत.

काठावरचा
सगळे सर्किटवरच बोलताय म्हणून. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने ह्रदयाची झडप बनवली. आधीची मॉडेलं फसली, चौथं टिकलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलं. तिथे भांडण होतं ते धातू आणि प्लॅस्टिक झिजण्याशी. मटेरियल्स, मेकॅनिकल आवडणाऱ्यांनाही इथे जागा आहे. फक्त ते काम बहुतेक पुढच्या शिक्षणानंतर मिळतं.

मिरजेची_मावशी
सगळ्यांचे आभार. मिरजेत हॉस्पिटलांना काय तोटा! ओळखीने शनिवारी एका ठिकाणच्या बायोमेडिकलच्या खोलीत तिला नेलं. खोली कसली, जिन्याखालची बोळकांडी. तिथल्या दादांनी उघडलेला सिरिंज पंप दाखवला. ही पहिल्यांदाच बोलली: "नळी तुंबली हे याला कळतं कसं?" दट्ट्यामागे दाब मोजणारा सेन्सर असतो, दाब वाढत गेला की अलार्म होतो, असं ते म्हणाले. घरी येईपर्यंत रिक्षात तेच. सेन्सर बिघडला तर? दाब हळूहळू वाढला तर?

फॉर्ममध्ये पहिले दोन ईएनटीसी, तिसरं विद्यालंकार बायोमेडिकल, असं दाजींनी लिहिलं. तिने रात्री क्रम उलटा केलाय. दाजींना अजून सांगितलेलं नाही.

वडाळ्याजवळ मुलींचं चांगलं हॉस्टेल कुणाला माहीत आहे का?

पन्नास_हर्ट्झ
माटुंग्यात बघा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि दाजींना फॉर्म लॉक करायच्या आधी सांगा हो.