रोजनिशीला खाद्य पुरवील असा छंद सुचवा (बडोदे)

पानभर_रोज

नमस्कार मंडळी,

मी कारेलीबागेत राहते. रात्री मागचं आवरलं की पानभर लिहायचं, ही कॉलेजपासूनची सवय. कुठे छापायला वगैरे नाही, माझं मलाच. दिवाळीच्या साफसफाईत मागच्या वर्षीची वही चाळली, तर मार्चचं पान उचलून ऑगस्टात लावलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही अशी अवस्था. उठले, डबे केले, कामाला बसले (घरूनच, जीएसटीचे रिटर्न), सासूबाईंची औषधं, कंटाळा, उकाडा. कंटाळ्याचं वर्णन मात्र फार सुरेख जमलंय.

तर असा छंद सुचवा की ज्यातून रात्री लिहायला काहीतरी हाताला लागेल. सकाळी सहा ते साडेसात मोकळी असते, रविवारी बारापर्यंत. ॲक्टिव्हा आहे. क्लास नकोत. क्रोशा सुचवू नका, करून झालंय. "आज आठ ओळी झाल्या" यापुढे लिखाण सरकत नाही.

दुसरं, शाईचं पेन वापरते आणि पानाच्या मागे शाई उमटते. वही कुठली घ्यावी? तिसरं, जुन्या वह्यांना कसर लागली आहे. त्यावरही कुणी सांगितलं तर उपकार होतील.

कमाटीबागवाला

ताई, कारेलीबागेत राहून हा प्रश्न? कमाटीबाग तुमच्या दाराशी आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली बाग केली, तेव्हापासूनचे काही वृक्ष अजून उभे आहेत. पक्षी बघायला लागा.

पण लोक सुरुवात करतात ती यादी करायला. आज बारा जाती, उद्या पंधरा. अशाने तुमची वही पुन्हा क्रोशाच्या ओळींवर येईल. एक झाड धरा. वड किंवा पिंपळ, आणि त्याच झाडाखाली रोज वीस मिनिटं उभ्या राहा. फळं धरली की तांबट येतात, हरियाल येतात, आणि राखी धनेश येतो. धनेश बडोद्यात भरपूर आहे, युनिव्हर्सिटीच्या आवारातही दिसतो. उन्हाळ्यात त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. अशी ढोली सापडली की रात्री काय लिहू हा प्रश्न दोनेक महिने तरी पडणार नाही. ढोलीच्या फार जवळ मात्र जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. नर बिचकला तर आतली उपाशी राहते.

काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून हिवाळ्यात सकाळी खाली विश्वामित्री नदीत बघा. ऊन वर आलं की मगरी काठावर येऊन पडतात. शहराच्या मधोमध, खाली मगर आणि वर शाळेच्या रिक्षा, असं दृश्य दुसऱ्या कुठल्या गावात रोज फुकट बघायला मिळतं सांगा.

डिसेंबर-जानेवारीत एखादा रविवार डभोईकडच्या वढवाणा तलावासाठी राखून ठेवा. गायकवाडी राज्यात सिंचनासाठी बांधलेला तलाव, २०२१ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेला. तिथे पट्टकादंब हंस येतात, हिमालय ओलांडून. वारकरी, चक्रवाक, थापट्या या पाणपक्ष्यांची तर गर्दी असते. ॲक्टिव्हावर मात्र जाऊ नका, लांब पडेल. कुणाच्या तरी गाडीत जागा बघा.

खडू_आणि_फळा

कमाटीबागवाले काकांशी सहमत, पण सगळ्यांनाच पहाटे मान वर करून उभं राहायला आवडत नाही. मी चित्रं बघायला सुचवेन. काढायला नव्हे, बघायला.

कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, किती बडोदेकरांनी आतून पाहिलंय? रोज त्या रस्त्याने जातात, शिखर बघतात, पुढे जातात. आत नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या चार भिंती आहेत: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, नटीर पूजा (टागोरांचं नाटक) आणि महाभारत. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार आपल्या गावात येऊन काम करतो, काम १९३९ ते १९४६ असं टप्प्याटप्प्याने चालतं, आणि आपण समोरच्या गाडीवर ज्यूस पिऊन घरी जातो. एका रविवारी एकच भिंत बघा. घरी येऊन आठवेल तेवढं लिहा: कोण कुठे बसलंय, कुणाचा हात कुठे आहे, कुठला रंग जास्त. पुढच्या वेळी जाऊन ताडून बघा. डोळ्यांना बघायची शिस्त लागली की ती घरातसुद्धा उपयोगी पडते. जाण्याआधी उघडं आहे का याची चौकशी करून जा.

त्यानंतर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. बाहेरून एखाद्या जुन्या लाकडी घरासारखा दिसतो. आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत: कृष्णलीला, रामायण-महाभारत, आणि चक्क मराठे-इंग्रज लढाईसुद्धा. देवाच्या चित्रांशेजारी टोपीवाले सोजीर. माझा जीव त्या वाड्यावर जास्त आहे. कीर्तिमंदिर थोरांचं काम, तिथे आवाज आपोआप खाली येतो. वाड्यात मात्र चित्रकाराने मजा केलेली कळते.

उगीचच_एक

छंदबिंद काही नको. खंडेराव मार्केटात जा, भाजी घ्या, घरी या आणि भाव लिहा.

पानभर_रोज

@कमाटीबागवाला काका, धनेशाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या गल्लीत तो ओरडत असतो आणि मी आजवर त्याला घार समजत होते की काय कोण जाणे.

@उगीचच_एक, हिशेबाची वही वेगळी आहे हो. दिवसभर आकडेच बघते. रात्री पुन्हा मेथीचा भाव?

उगीचच_एक

हो, मेथीचाच. शंभर वर्षांनी तुमची वही कुणाच्या हाती लागली तर तो तुमचा कंटाळा वाचणार नाही, भाव वाचेल. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी) आज संशोधक का उलगडून बसतात? कुणाला किती दिले, तूप काय दराने आलं, कुणाच्या लग्नात काय खर्च झाला. त्यातून माणसं दिसतात. "मन उदास होतं" हे सगळ्यांचंच असतं, सगळ्याच काळात.

आणि भाव म्हणजे नुसता आकडा नाही. मार्केटात उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात उंधियूसाठी पापडी आणि रताळ्यांचे ढीग लागतात, तेव्हा भाव कसा चढतो, भाजीवाली मराठी माणसाला मराठीत आणि गुजरात्याला गुजरातीत एकच खोटं कसं सांगते, हे लिहा. फूलबाजारात एकादशीच्या आदल्या दिवशी तुळशीचं काय होतं ते बघा. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून वरघोडा (मिरवणूक) निघतो, त्या दिवशी नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहिलात तरी चार पानं होतील. पक्षी उडून जातात, चित्रं भिंतीवर गप्प बसतात. माणसं बोलतात.

खडू_आणि_फळा

"चित्रं गप्प बसतात" यावर वाद घालायचा मोह आवरते. भावाचं मात्र पटलं.

न्यूजर्सीचा_बडोदेकर

अवांतर: सूरसागरजवळची सेव-उसळ कुणीतरी लिहा रे. तर्री किती, कांदा किती, पावाचे तुकडे सोबत देतात की मागावे लागतात. मी वाचून जेवेन. लीलो चेवडो इकडे मिळतो, पण तो बटाट्याचा ओलेपणा नाही.

शाईवाली

वहीबद्दल. सत्तर जीएसएमच्या (कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) साध्या वहीत शाई मागे उमटणारच. नव्वद ते शंभर जीएसएम बघून घ्या, आणि दुकानातच शेवटच्या पानावर स्वतःच्या पेनने एक ओळ लिहून पान उलटा. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. निब जाड असेल तर बारीक करून बघा, निम्मा त्रास तिथेच जातो.

बडोद्यात आहात तर लाल कापडी बांधणीचा चोपडा का नाही घेत? दिवाळीआधी पुष्य नक्षत्राला व्यापारी घेतात तोच. लांबट असतो, आडवा उघडून मांडीवर छान बसतो, शिवण मजबूत असते. कागद सगळ्यांचा सारखा नसतो म्हणून वरची परीक्षा इथेही करायची. पहिल्या पानावर शुभ-लाभ छापलेलं असतं, त्याखाली आपला कंटाळा लिहायला वेगळीच गंमत आहे.

मजला_पहिला

शाईवाल्या ताईंच्या लिहिण्यात एक भर घालते, कारण ती फार महत्त्वाची आहे. रॉयल ब्लू प्रकारची धुतली जाणारी शाई रोजनिशीला वापरू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यावर आलं. वह्या खालच्या कपाटात होत्या. रॉयल ब्लूने लिहिलेली पानं निळसर पाणी होऊन गेली, बॉलपेनाचं बरंचसं वाचता येतंय, आणि पेन्सिलीने लिहिलेलं जसंच्या तसं. शिसपेन्सिलीचं ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. शाईच हवी तर बाटलीवर पाण्याने न जाणारी असं लिहिलेली बघा. पिगमेंटची शाई टिकते, पण पेन नियमित धुवावं लागतं, नाहीतर निब चोंदते.

वही भिजलीच तर: उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच नको. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. बुरशी दोन दिवसांत धरते, आणि पूर ओसरल्यावर दोन दिवस चिखल काढण्यातच जातात. म्हणून वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. वीज असेल तिथे, नातेवाइकांकडे चालेल. थंडीने बुरशी थांबते. मग सवड झाली की एकेक बाहेर काढून थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद घालायचा, पंख्याखाली ठेवायची, कागद ओला झाला की बदलायचा. आमच्या मावससासूबाई म्हणाल्या, वटाण्यांच्या शेजारी ह्या वह्या कसल्या? पण ठेवू दिल्या.

कसरीसाठी वेखंडाची पूड, सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून वह्यांच्या मधे. जुन्या पोथ्यांना हेच करत. वास गेला की पूड बदला. त्याआधी प्रत्येक वही उघडून मऊ ब्रशने झटका, शिवणीत अंडी असतात. पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवू नका, दमट हवा आतच कोंडते. आणि सगळ्यात आधी वह्या वरच्या मजल्यावर न्या. कारेलीबागेतही नदी फार लांब नाही.

कमाटीबागवाला

मजला_पहिला ताई, हे छापून कपाटाच्या दाराला लावतो.

ग्रंथपालाची_नात

कुणीच सेंट्रल लायब्ररीचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते. मांडवीजवळ. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली, पेट्यांतून गावोगाव पुस्तकं जायची. त्या काळची लोखंडी कपाटं आणि मजल्यांची काचेची जमीन आजही आहे. काच अशासाठी की वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा. मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. तुमच्या सकाळच्या वेळात जमणार नाही, पण कधी मधल्या दिवशी सुट्टी काढलीत तर जा. दुसऱ्यांच्या छापील दैनंदिन्या मागून वाचा. चांगल्या रोजनिशीत माणूस स्वतःबद्दल किती कमी बोलतो ते बघून मला तरी बरंच शिकायला मिळालं. (उगीचच_एक यांना हे वाचून आनंद होणार, त्याला इलाज नाही.)

पानभर_रोज

सगळ्यांचे आभार. वह्या आज माळ्यावर गेल्या. वेखंड गांध्याकडून आणलं, घरभर वास आहे.

ठरवलंय असं: रोज सकाळी बाग, एक झाड. महिन्यातून एका रविवारी भिंत. भाव लिहीन, पण पानाच्या तळाशी, दोन ओळी. चोपडा पुढच्या दिवाळीला.

दोन शंका. दुर्बीण लगेच घ्यावी का? आणि सासूबाई म्हणतायत, मीही येते. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. बागेत कुठवर चालावं लागेल?

कमाटीबागवाला

दुर्बीण लगेच नको. महिनाभर नुसत्या डोळ्यांनी बघा, कानांनी ओळखायला शिका. मोबाइलवर मर्लिन नावाचं ॲप आहे, ते आवाजावरून पक्षी सुचवतं. कधी चुकतं, पण सुरुवातीला बरं पडतं. नंतर घेतलीत तर ८x४२ घ्या. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, पहाटेच्या कमी उजेडातही चालतं. दहापट घेतली की हात हलतो आणि पक्षी नाचतो. घेण्याआधी रविवारी माझी वापरून बघा, आम्ही तिघे-चौघे काळ्या घोड्याच्या दारापाशी साडेसहाला जमतो.

मावशींना अवश्य आणा. रिक्षा दाराशी सोडेल. फुलांच्या घड्याळापर्यंत सपाट आहे आणि मधे बाकं आहेत. तिथेच थांबू द्या. संग्रहालयाकडे मात्र त्या दिवशी नेऊ नका. देवमाशाचा सांगाडा बघण्यासारखा आहे, पण आत पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ते उघडतंही उशिरा. थर्मासमध्ये चहा आमच्याकडे असतो. मावशींचा बिनसाखरेचा असेल तर तेवढा वेगळा आणा.