मेथी-जवसाचे चूर्ण घेतल्यास कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येते का?

प्रश्न (आर्वी तालुका, वर्धा)
वडिलांचे वय ५८ असून आठ वर्षांपासून त्यांना टाइप टू मधुमेह आहे. साखर उतरवणाऱ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ निघाल्यावर अटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम या कोलेस्टेरॉलच्या गोळीची भर पडली. मात्र आठवडी बाजारातल्या विक्रेत्याने 'गोळीने लिव्हर जाते' असे सांगून मेथी, जवस आणि कलौंजीचे चूर्ण दिल्यापासून ते रात्रीची गोळी गुपचूप उशीखाली सारतात. काल आईला तिथे अकरा गोळ्या सापडल्या. चूर्ण खरोखरच गोळीची जागा घेते का?

उत्तर १ (औषध दुकानदार, पुलगाव)
मेथीतील विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो, ती शौचावाटे गेली की नवे पित्त करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते; म्हणजे विक्रेता अगदीच खोटे बोललेला नाही. प्रश्न मात्रेचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधील अभ्यासात रोज १०० ग्रॅम मेथीपूड जेवणातून दिली होती, तीही टाइप वनच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास न बनणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांना. आपला चमचा जेमतेम पाच ग्रॅमचा. अटोर्वास्टॅटिन यकृतातील निर्मितीच रोखते आणि १० मिलिग्रॅमनेही एलडीएल साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरते. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते. शिवाय मधुमेहात चाळिशीनंतर ही गोळी मुख्यतः हृदयविकार टाळण्यासाठी असते.

उत्तर २ (शेतकरी, यवतमाळ)
आमच्या वावरात दरवर्षी हरभऱ्याच्या कडेने जवसाची दोन तासे असतात, म्हणून एवढेच सांगतो : अख्खे जवस बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते, आणि कुटून ठेवलेले लवकर खवट होते. घरी तव्यावर तडतडेपर्यंत भाजून आठवड्यापुरतीच चटणी कुटतात. बाजारातले चूर्ण कधीचे आहे, कोण जाणे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डब्यावर घटकांची यादी नाही. गेल्या गुरुवारी वावरात वडिलांना दरदरून घाम फुटून हात कापू लागले होते. आम्ही ते उन्हावर घातले.

उत्तर १
तो साखर उतरल्याचा प्रकार असू शकतो. ग्लिमेपिराइडसोबत मेथीची मात्रा वाढली तर तसे घडते, आणि यादी नसलेल्या चूर्णांत साखरेच्या ॲलोपॅथी गोळ्या मिसळल्याचे याआधी आढळलेले आहे. चूर्ण आजच थांबवा, पुन्हा कापरे भरल्यास लगेच साखर-पाणी द्या, आणि उद्या डबा व उशीखालच्या गोळ्या दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. अटोर्वास्टॅटिन दिवसा घेतली तरी चालते. ती सकाळी आईच्या हातून देता येईल का, हेही विचारून घ्या.