मदत हवी आहे: क्लिप-ऑन ट्यूनरला चार्जिंगचा सेल चालेल का?

माझ्या गिटारच्या क्लिप-ऑन ट्यूनरमध्ये (तारा सुरात लावायला गिटारला चिमट्यासारखं अडकवतात ते छोटं यंत्र) सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल आहे. ट्यूनर बंद करायला विसरतो (चूक माझीच), आणि मग नेमकं वाजवायला बसलं की स्क्रीन फिकट, काटा जागचा हलत नाही. सेल फेकून फेकून कंटाळलोय. त्याच मापाचा चार्ज होणारा एलआयआर२०३२ मिळतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो आणि क्षमता जेमतेम ४० एमएएच. साध्या सेलची २२०च्या आसपास. एवढ्या व्होल्टेजने ट्यूनर जळेल का? कुणी प्रत्यक्ष वापरलाय? की सरळ यूएसबीवर चार्ज होणारा ट्यूनरच घ्यावा? त्यातली बॅटरी पुढे बसली तर बदलता येते का, तेही सांगा.